ओबीचा डोंगर आणि खालचा नाला

आवाज नीट येतोय ना? मागे शेजारच्या इमारतीचं काम चालू आहे, तेवढा ठोकाठोकीचा आवाज सांभाळून घ्या.

मी सॉल्ट लेकमधून बोलतोय. कोलकात्याच्या पूर्वेचं हे उपनगर, सरकारी नाव बिधाननगर. मुलगी इथे सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला आहे, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथे येऊन राहिलो. मूळचा मी चंद्रपूर जिल्ह्यातला. सगळी नोकरी कोळसा खाणींच्या आसपास गेली, आणि त्यातही पाण्याच्या बाटल्यांमागे. नाल्यातून नमुना भरायचा, लेबल लावायचं, प्रयोगशाळेत पाठवायचा, अहवाल लिहायचा. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावरून पाऊस वाहिला की खालच्या नाल्याचं काय होतं, एवढंच मला थोडंफार कळतं. ते म्हणाले, चालेल.

सुरुवात सॉल्ट लेकपासूनच करतो, कारण ही जागा विषयाला सोडून नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी इथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. विद्याधरी नावाची नदी या खाजणाला भरती-ओहोटीचं पाणी पुरवायची. ती नदी गाळानं भरत गेली आणि १९२८ मध्ये सरकारनं ती मृत झाल्याचं जाहीर केलं. नदीचा मृत्यू कागदावर नोंदवला गेला, हे मी इथे आल्यावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा चरकलोच. पुढे डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना नवं शहर वसवायचं ठरलं. युगोस्लाव्हियाच्या एका कंपनीला भराव टाकायचं काम मिळालं आणि शहराचा आराखडा त्याच देशातल्या दोब्रिव्होये तोश्कोविच यांनी केला. १९६२ मध्ये काम सुरू झालं. हुगळीच्या तळाचा गाळ ड्रेजरनं उपसायचा, पाण्यात मिसळून लांबच लांब पाइपातून इथे आणायचा, बांध घातलेल्या खाचरांत सोडायचा. गाळ खाली बसला की वरचं पाणी कालव्यात सोडून द्यायचं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि जमीन तयार झाली.

म्हणजे माझी ही खुर्ची ज्या जमिनीवर आहे, ती एका अवाढव्य सेटलिंग पॉन्डचा तळ आहे. खाणीत आपण जे करायला धडपडतो, पाणी थोपवा, गाळ बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी सोडा, तेच इथे शहराच्या आकारात केलं गेलं. आणि ते जमलं याचं मोठं कारण म्हणजे हुगळीच्या तळाचा गाळ बराचसा रेताड होता. तो लवकर बसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खाणीकडे येऊ. उघडी खाण, ज्याला आपल्याकडे ओपनकास्ट म्हणतात, तिथे कोळसा मिळण्याआधी वरची सगळी माती आणि खडक काढावा लागतो. त्याला ओव्हरबर्डन म्हणतात, खाणीतली माणसं 'ओबी' म्हणतात. एकटी कोल इंडिया आता वर्षाला सुमारे २०० कोटी घनमीटर ओबी हलवते. एक टन कोळशामागे सरासरी अडीच घनमीटर धरा. हे सगळं कुठेतरी टाकावं लागतं. खाण जुनी असेल, कोळसा काढून झालेला खड्डा मोकळा असेल, तर ओबी त्यातच भरता येतो आणि तेच सगळ्यात चांगलं. पण खाण नवी असते तेव्हा खड्डाच नसतो. म्हणून पहिली काही वर्षं ओबी बाहेर पडतो आणि त्याचा डोंगर होतो. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, माजरी, राजुरा या भागातून रेल्वेनं गेला असाल तर सपाट मुलखात मध्येच उभे राहिलेले, डोकं कापल्यासारखे डोंगर पाहिले असतील. लहान मुलं विचारतात, हा किल्ला कुणाचा?

आपल्या वर्धा खोऱ्यातला ओबी जरा वेगळा आहे. सगळ्यात वर काळी कापसाची माती. तिच्याखाली पिवळी चिकण माती, मग कामठी आणि बराकर वालुकाश्म, मध्ये शेलचे थर. निसर्गात ते एकावर एक शिस्तीत असतात. डंपरमधून पडताना सगळी खिचडी होते. काळी माती खरं तर बाजूला काढून जपायची असते, शेवटी डोंगरावर पसरायला. कित्येक ठिकाणी ती ओबीतच गाडली जाते, आणि मग झाडं लावायच्या वेळी माती विकत आणावी लागते.

एक प्रसंग सांगतो. खाणीचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. जूनचा दुसरा आठवडा, पहिलाच मोठा पाऊस रात्री झालेला. सकाळी मी बाटल्या घेऊन नाल्यावर गेलो. नाल्याचं पाणी चहासारखं. म्हणजे चहा तरी बरा, त्यात दूध तरी असतं. काठावर एक म्हातारे शेतकरी उभे होते. त्यांच्या धानाच्या पऱ्ह्यावर, म्हणजे रोपवाटिकेवर, नाला रात्री चढून गेला होता आणि रोपांवर पिवळ्या चिखलाचा साय धरावा तसा थर बसला होता. मी माझं काम करत होतो. ते म्हणाले, "सायेब, बाटलीत काय भरता, घरी चला, दाखवतो." घरी गेलो. ओसरीवर पितळी लोटा होता. नाल्याकाठच्या त्यांच्या झिऱ्यातलं पाणी त्यांनी आदल्या संध्याकाळी भरून ठेवलं होतं, म्हणजे आधीच्या किरकोळ सरीनंतरचं. रात्रभर कुणी हात लावला नव्हता. मी वाकून पाहिलं. तळाशी बोटभर गाळ बसला होता, पण वरचं पाणी तसंच, मळकट पिवळं. ते म्हणाले, "हे काई निवळत नाई. तुरटी फिरवली, निवळीची बी घासली, तवा कुठं थोडं निवळते." तुमच्यातल्या काहींना निवळी माहीत नसेल. एक झाड आहे, त्याच्या बिया मडक्याच्या आतून घासल्या की गढूळ पाणी खाली बसतं. जुन्या घरांत असायच्या.

मी त्यांना म्हटलं, काका, खाणीला गाळ बसवायचा तलाव आहे, पाणी त्यातूनच येतं. ते काही बोलले नाहीत. दुपारी मी तलाव पाहायला गेलो. तलाव होता. पण मागच्या पावसाळ्याचा गाळ काढलेलाच नव्हता. दोन मीटर खोलीच्या जागी हातभर पाणी उरलं होतं आणि एका कोपऱ्यातून आत आलेला लोंढा त्याच बाजूच्या सांडव्यातून सरळ बाहेर जात होता. उरलेला तलाव निवांत पडून होता, त्यात बगळे होते. कागदावर त्या तलावाची क्षमता पूर्ण दाखवलेली होती. आणि मीही, आदल्या वर्षी, तो कागद तपासून सही केली होती. ती सही मला अजून आठवते.

त्या लोट्यानं मला जे शिकवलं ते पुस्तकात आधीच होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. थोडं गणित करू, घाबरू नका.

पाण्यात कण किती वेगानं खाली बसतो ते त्याच्या जाडीवर ठरतं, आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. कण दहापट बारीक झाला तर बसण्याचा वेग शंभरपट कमी. बारीक वाळूचा कण, मिलिमीटरचा दहावा भाग, एक मीटर खाली जायला दोन मिनिटंही घेत नाही. त्याच्या दहापट बारीक पोयट्याचा कण घ्या. एका मीटरला तीन तास. आणखी दहापट बारीक, म्हणजे चिकण मातीचा कण, एका मीटरला जवळजवळ तेरा दिवस. तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. आपल्या काळ्या मातीतले कण याहूनही बारीक असतात, फुगतात, एकमेकांना दूर ढकलतात. ते बसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणून लोट्याच्या तळाशी वाळू आणि पोयटा बसला, आणि चिकण माती तरंगत राहिली.

आता एक ढिगारा घेऊ. दहा हेक्टरचा, मोठा नाही. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला. विदर्भात अशी सर पावसाळ्यात येतेच. दहा हेक्टरवर त्या तासात पडलं ५,००० घनमीटर पाणी. त्यातलं साठ टक्के वाहून आलं असं समजू, म्हणजे ३,००० घनमीटर, तीस लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३०० टँकर, एका तासात. उघड्या ढिगाऱ्यावरच्या पाण्यात लिटरला पाच ग्रॅम माती धरली, आणि ही काही फार नाही, तर १५ टन माती त्या एका तासात नाल्यात. कोळसा खाणींसाठी २५ सप्टेंबर २००० ला केंद्रानं जी मानकं अधिसूचित केली, त्यात पाण्यातल्या तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेत पाणी सुटलं असतं तर १५ टनांऐवजी ३०० किलो गेले असते.

हे ३०० टँकर एका तासात तलावात येणार. किती मोठा तलाव पाहिजे? इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकायचो. आपल्याला वाटतं खोल तलाव हवा. पण कण बसायला महत्त्वाचं असतं ते तलावाचं क्षेत्रफळ. पसरट तलावात पाणी हळू पुढे सरकतं, कणाला खाली पोचायला वेळ मिळतो. खोली लागते ती गाळ साठवायला. त्या पोयट्याचा कण बसवायचा असेल तर हिशेबानं सुमारे ९,३०० चौरस मीटर तलाव लागतो, म्हणजे जवळजवळ एक हेक्टर. ढिगारा दहा हेक्टर, तलाव एक हेक्टर. जमण्यासारखं आहे. आता चिकण मातीचा कण बसवायचा म्हटलं तर याच्या शंभरपट, ९०-९२ हेक्टर. ढिगाऱ्याच्या नऊपट तलाव! कुणी बांधेल?

त्यामुळे तलावात तुरटी किंवा पॉलिइलेक्ट्रोलाइट टाकून बारीक कणांचे पुंजके करावे लागतात, काकांनी लोट्यात केलं तेच. ते करता येतं, पण पावसाळाभर, रात्री-अपरात्री येणाऱ्या प्रत्येक सरीला योग्य मात्रेत करत राहणं किती अवघड आहे याचा अंदाज करा. तलाव वाळू आणि पोयटा सांभाळेल. चिकण माती सांभाळायची असेल तर ती डोंगरावरून सुटूच द्यायची नाही. माझ्या मते या विषयातली निम्मी चूक इथे होते. सगळं लक्ष खालच्या तलावाकडे, आणि वरचा डोंगर उघडा.

तर डोंगरावर काय करायचं? वरून खाली येऊ.

माथा सपाट असतो आणि त्यावर पाणी साचतं. साचलेलं पाणी जिथे कडा थोडी खाली असेल तिथून उतारावर पडतं. पहिल्या दिवशी बोटभर ओघळ, आठवड्यात हातभर, महिन्यात त्या जागी घळ. म्हणून माथ्याला किंचित आतल्या बाजूला उतार द्यायचा आणि कडेनं मातीचा उंचवटा घालायचा. डोंगर एकसंध उतरत नाही, पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीलाही आतल्या बाजूला उतार, म्हणजे पाणी कडेवरून खाली न पडता आतल्या गटारातून एका बाजूला जातं आणि तिथे दगड बसवलेल्या पायरीपायरीच्या नाळेतून खाली उतरतं. डोंगराचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको, असं पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये बहुधा लिहिलेलं असतं. डंपरमधून सुटलेली माती आपोआप जो उतार धरते तो याहून बराच उभा असतो. म्हणजे २८ अंश आणायला डोझर चालवावा लागतो, डिझेल लागतं, आणि ते डिझेल उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही.

पायथ्याशी दगडी भिंत, तिला पाणी झिरपून बाहेर यायला भोकं. भिंतीच्या बाहेर डोंगराला वेढा घालणारा चर. त्याला गारलँड ड्रेन म्हणतात, हारासारखा गळ्यात घातलेला. आता कोलकात्यात राहतो म्हणून एक गंमत सांगतो. या शहरात मराठी माणूस भेटला की बंगाली मंडळी हमखास बर्गींची आठवण काढतात. १७४२ मध्ये भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती एक खंदक खणायला घेतला. मराठा डिच. तो पूर्ण झालाच नाही, मराठे शहरात आलेच नाहीत, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. खाणीतले बरेचसे गारलँड ड्रेन मी पाहिले ते या खंदकाच्या नात्यातले. नकाशावर हार पूर्ण असतो, जमिनीवर एका बाजूला तुटलेला. फरक एवढाच की पाऊस मराठ्यांसारखा नसतो, तो येतोच, आणि तुटलेल्या जागेतूनच येतो.

मंजुरीच्या अटींत या चरांबद्दल आणि तलावांबद्दल एक चांगलं वाक्य असतं. पन्नास वर्षांच्या पावसाच्या आकड्यांवरून सगळ्यात मोठी सर काढा, आणि त्याहून ५० टक्के जास्त पाणी मावेल असं बांधा, शिवाय गाळ बसायला पुरेसा वेळ मिळेल असं बांधा. वाचायला उत्तम. पण अट तलाव बांधला का हे विचारते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यात किती जागा रिकामी आहे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

रस्ता विसरू नका. डंपर ज्या कच्च्या रस्त्यानं डोंगरावर चढतात तो रस्ता पावसात स्वतःच नाला होतो. रोज शंभर टनी गाड्यांनी पीठ केलेली माती, सरळ उतार, आणि चाकोऱ्या. पुष्कळदा नाल्यातला सर्वाधिक गाळ डोंगरावरून न येता रस्त्यावरून आलेला असतो. आम्ही एकदा रस्त्याला दर काही अंतरावर आडवे उंचवटे घालून पाणी बाजूच्या खड्ड्यांत वळवलं. खर्च एका ग्रेडरच्या दोन दिवसांचा. खालच्या नमुन्यात फरक महिन्याभरात दिसला.

आता हिरवाईबद्दल. इथे माझं मत थोडं कडू आहे. ढिगाऱ्यावर 'वृक्षारोपण' होतं, आणि वृक्ष मोजतात. अहवालात झाडांची संख्या येते. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, झटपट वाढणारी झाडं. पाच वर्षांत डोंगर दुरून हिरवा दिसतो. जवळ जाऊन झाडाखाली बसा. बऱ्याच ठिकाणी खाली गवताचं पातं नाही, माती उघडी, आणि पानांवरून गळणारे मोठे थेंब तीच माती उडवतात. पाऊस मातीला पहिल्यांदा मारतो तो थेंबानं, आणि थेंब झेलायला जमिनीलगतचं आच्छादन लागतं. म्हणून आधी गवत, मग झुडूप, मग झाड. वाळा म्हणजे खस उत्तम, मुळं दोन-तीन मीटर खोल सरळ जातात. गवत रुजेपर्यंतचा पहिला पावसाळा काढायला जाळी लागते, आणि इथे बंगालचा ताग कामाला येतो. तागाची जाडसर जाळी उतारावर अंथरतात, पाणी तिच्या धाग्यांवर अडतं, एक-दोन वर्षांत ती कुजून जाते आणि तोवर गवत धरलेलं असतं. प्लॅस्टिकची जाळी मागे उरते, तागाची माती होते.

नागपूरच्या नीरीनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, या बाबतीत मोलाचं काम केलं आहे. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर आणि नंतर चंद्रपूरजवळच्या पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर प्रयोग केले. ओबीत जीव नसतो हो. नत्र नाही, सेंद्रिय पदार्थ नाही, जिवाणू नाहीत. त्यांनी त्यात सेंद्रिय टाकाऊ पदार्थ मिसळले आणि रोपांच्या मुळांशी रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली. ढिगाऱ्याची आधी माती करायची, मग झाड लावायचं. यात वेळ जातो, आणि कंत्राट बहुधा झाडांचं निघतं, मातीचं निघत नाही.

चंद्रपूरबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही. शहराच्या कडेनं इरई वाहते, झरपट तिला शहराजवळच मिळते, आणि इरई पुढे वर्धेला. शहराच्या वर इरई धरण, औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेलं. दुर्गापूर, पद्मापूर या वेकोलिच्या खाणी इरईच्या परिसरात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले. एवढे गुण आमच्या काळात मॅट्रिकलाही मिळत नव्हते. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये शहराच्या सखल वस्त्यांत पुराचं पाणी शिरलं. शहरातले लोक आणि पर्यावरणवादी संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत की नदीकाठच्या ओबीच्या ढिगाऱ्यांनी इरईचं पात्र आवळलं आहे आणि गाळानं ते उथळ झालं आहे. पुराला धरणाचे दरवाजे उघडणं आणि वर्धा फुगल्यावर इरईचं पाणी मागे सरणं हीदेखील कारणं आहेत, ती लपवू नयेत. पण ज्या नदीला उन्हाळ्यात आपण ओढत नेतो आणि पावसाळ्यात दोन्हीकडून दाबतो, तिनं तिसरीकडे जायचं तरी कुठे?

गाळ हा दिसणारा त्रास आहे. ढिगाऱ्यातलं न दिसणारं पाणी त्याहून वाईट. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या ॲबरफॅन गावात कोळसा खाणीचा ढिगारा घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. तो ढिगारा झऱ्यांवर रचला होता. झरा नकाशावर होता. पाणी खालून मुरत राहिलं आणि एका सकाळी सगळा ढिगारा पातळ चिखलासारखा वाहू लागला. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडमध्ये गोड्डा जिल्ह्यातल्या राजमहल खाणीत ओबी कोसळून २३ कामगार गेले. म्हणून ढिगारा कुठे रचायचा याचा पहिला नियम सोपा आहे. नाला असेल, झरा असेल, तर तिथून बाजूला. नाला वळवून त्यावर ढिगारा रचला तरी जुन्या वाटेवरचं पाणी जमिनीखालून येत राहतं, ते कागदावरच्या नकाशाला विचारत नाही.

अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात. १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक इथे कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटून १२५ माणसं गेली. १९७७ मध्ये उघड्या खाणींसाठी स्वतंत्र कायदा झाला. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ओढ्यांचं रक्षण करणारा एक जास्त कडक नियम आला आणि २०१७ च्या फेब्रुवारीत संसदेनं तो रद्द केला. दोन महिने टिकला. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल आहे असं समजू नका.

ईशान्येकडच्या मित्रांनी मला विचारलं की आमच्याकडे नदी निळी होते, त्याचं काय? मेघालयातल्या लुखा नदीबद्दल ते बोलत होते, जयंतिया टेकड्यांतली. तिथल्या कोळशात गंधक जास्त, पाणी आम्लधर्मी होतं, त्यात धातू विरघळतात. पाणी दिसायला सुंदर आणि मासा एक नाही. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक बरंच कमी असतं, त्यामुळे आपला मुख्य शत्रू आम्लापेक्षा गाळ. मासे गाळानंही मरतात, फक्त हळू. कल्ल्यांत चिखल बसतो, आणि वाळूत घातलेली अंडी बुजतात. काकांच्या नाल्यात पूर्वी झिंगे मिळायचे.

मंडळी, आता खाणपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. मला नेहमी विचारतात, आम्ही काय करू शकतो?

२००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार प्रत्येक खाणीनं मंजुरीच्या अटी किती पाळल्या याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यायचा असतो, १ जूनला आणि १ डिसेंबरला. हा अहवाल सार्वजनिक असतो. १ जूनचा अहवाल काढा. त्यात गारलँड ड्रेनची लांबी मीटरमध्ये असेल, तलावांची मापं असतील. मग जाऊन पाहा. तलावातला गाळ कधी काढला, किती घनमीटर काढला आणि तो टाकला कुठे, हे विचारा. तो टाकला कुठे हे विचारायला विसरू नका, कारण मी एके ठिकाणी तो तलावाच्याच काठावर ढीग करून ठेवलेला पाहिला आहे, पहिल्या पावसात परत आत.

दुसरं, जनसुनावणीला गेलात तर झाडं किती लावणार हे विचारू नका, ते सांगायला सगळे तयार असतात. बाहेरचा ढिगारा किती वर्षं राहणार आणि ओबी खड्ड्यात परत टाकायला कोणत्या वर्षी सुरुवात होणार, हे विचारा. उत्तर देताना समोरच्याला फाईल उघडावी लागली तर प्रश्न बरोबर आहे.

तिसरं, पारदर्शक बाटली. एक लिटरची. खाणीच्या वर एक जागा, खाली एक जागा. मोठ्या सरीनंतर तासाभरात दोन्हीकडून भरा, तारीख आणि वेळ लिहा, खिडकीत शेजारी ठेवा, मोबाइलनं फोटो काढा. एक दिवसानं पुन्हा. हा काही प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे. पण वरची बाटली निवळली आणि खालची नाही, असे चार पावसाळी फोटो घेऊन तुम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात गेलात, तर अधिकृत नमुना कधी आणि कुठे घ्यायचा याबद्दल बोलणं सुरू होतं. नमुने बहुधा ठरलेल्या दिवशी, कोरड्या हवेत घेतले जातात. मी स्वतः कित्येक घेतले आहेत. नाला त्या दिवशी आरशासारखा असतो.

त्या म्हाताऱ्या काकांचं पुढे काय झालं, असं इथे एका बंगाली शेजाऱ्यानं मला विचारलं होतं. त्या वर्षी पऱ्हं पुन्हा टाकायला उशीर झाला, रोवणी अर्धीच झाली. तलावाचा गाळ आम्ही ऑगस्टमध्ये काढायला घेतला, भर पावसात, म्हणजे निम्मा परत वाहून गेला. पुढच्या वर्षी मेमध्ये काढला. सांडवा समोरच्या टोकाला नेला, मध्ये बांबू आणि गोणपाटाच्या दोन आडभिंती घातल्या, पाणी नागमोडी फिरून जायला लागलं. जूनमध्ये त्यांच्या ओसरीवर गेलो तर लोटा तिथेच होता. पाणी पूर्ण स्वच्छ नव्हतं, पण तळ दिसत होता. ते म्हणाले, "आता तुरटी कमी लागते."

माझी वेळ संपली असं पडद्यावर दिसतंय. वणीहून कुणीतरी हात वर केला आहे, त्यांचा प्रश्न आधी घेऊ या.